नाकापर्यंत आलेलं कुंकू

अक्का गेल्याचा फोन आला, तेव्हा मी अवरेकाळूच्या, म्हणजे इथल्या वालाच्या, शेंगा सोलत बसले होते. त्याला आता महिना होऊन गेला. बेंगळुरात थंडीत या शेंगा आल्या की मला तसंही अक्काच आठवते, कारण तिने काढलेल्या शाळेचा पहिला धडाच तो होता... भिजवलेला दाणा चिमटीत दाबून सालीतून सोडवायचा. मुलांच्या बोटांत बळ यायचं, आणि दुपारच्या आमटीचीही सोय व्हायची.

पन्नासचं दशक सरता सरता मी लग्न होऊन पुण्याहून इथे राजाजीनगरात आले. यांची नोकरी इथल्या कारखान्यात. समोरच्या घरात अक्का. चिकपेटेतल्या जुन्या मराठी कापडवाल्यांची लेक, तोंडाने फटकळ. माझ्या पुणेरी बोलण्याची ती हुबेहूब नक्कल करायची आणि मला हसू आवरायचं नाही. तिची सुमी तेव्हा आठ-नऊ वर्षांची, पण समज तीन वर्षांच्या पोरीएवढी. पाहुणे आले की अक्काच्या सासूबाई सुमीला मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घालत. त्यांना तरी काय बोल लावणार? तेव्हा घरोघरी हेच चालायचं, आणि कुणाकडे असं मूल आहे हे शेजाऱ्यालाही कळत नसे.

एका संक्रांतीला सासूबाई गावी गेल्या होत्या. हळदीकुंकवाला आम्ही बायका जमलो, आणि अक्काने करंडा सुमीच्याच हाती देऊन तिला बाहेर आणलं. सुमीने पहिल्याच बाईला कुंकू लावलं ते कपाळापासून थेट नाकापर्यंत. त्या बाईने पदर उचलला.

"स्वल्प थांबा," अक्का शांतपणे म्हणाली. "संक्रांतीचं कुंकू पुसणार होय?"

पदर खाली आला. सणाचं कुंकू कोणती सवाष्ण आपल्या हाताने पुसेल? अक्काने ते आधीच जोखलं होतं. आम्ही सगळ्या तशाच रंगलेल्या तोंडांनी घरी निघालो. वाटेत, दुकानात, नळावर जो तो विचारायचा, आणि कुणी हसत, कुणी फणकारत सांगायची, अक्काच्या सुमीने लावलं. दुसऱ्याच दिवशी यशवंतपूरहून एक बाई मुलाला घेऊन अक्काच्या दारात उभी राहिली. हळदीकुंकवाला आलेल्या आपल्या बहिणीचं कपाळ बघून तिने चौकशी केली होती. तिचाही मुलगा आतल्या खोलीतच वाढत होता. उंबऱ्यावर ती जी रडायला लागली, ती थांबेचना.

ओसरीवर दोघांची शाळा सुरू झाली ती अशी. गावाहून परतलेल्या सासूबाई काही दिवस ओसरीकडे फिरकल्या नाहीत, मग आपणहून दाणे सोलायला आल्या. मुलं वाढली, पुढे शाळेला स्वतःची जागा मिळाली. नव्या आईला दारात कुंकू लावायचं काम कायम सुमीचं. तरी एकदा सगळे गेल्यावर अक्काने मला विचारलं होतं, "मी गेल्यावर हिला परत कडी घालतील काय गं?"

परवा शाळेत गेले. एक तरुण आई लेकराला कडेवर घेऊन नुकतीच आली होती, आणि पांढऱ्या केसांची सुमी करंडा घेऊन दारात उभी होती. तिला कुंकू लावून सुमी माझ्याकडे वळली. हे गेल्यापासून मी कुंकू लावत नाही, कुणी मला लावतही नाही. शाळेच्या बाई घाईने म्हणाल्या, "सुमी, अज्जींना नको." सुमीने ऐकलं नाही. मला फार बरं वाटलं, आणि अक्काची इतकी आठवण आली की तिथेच पायरीवर बसले.

परतताना कोपऱ्यावरचा वाणी माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. त्याने विचारायच्या आधीच मी सांगितलं, अक्काच्या सुमीने लावलं.