परका आवाज

लातूरला आमच्या वरच्या खोलीत एक सर राहतात. ते चीनमधल्या पोरांना ऑनलाइन इंग्रजी शिकवतात. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत त्या पोरांना नुसतं ऐकून प्रश्न सोडवावे लागतात, म्हणून सर प्रत्येक वाक्य सावकाश दोनदा म्हणतात. ही सवय इतकी मुरलीय, की भाजीवाल्यालाही ते मेथीचा भाव दोनदा विचारतात, मधे चांगलं थांबून.

परवा ते लॅपटॉप घेऊन खाली आले. "आजी, ह्या पोरीला फक्त माझाच आवाज कळतो. दुसरं कोणी बोललं की घाबरून जाते, अन् परीक्षा पुढच्या हप्त्यात हाय. जरा एक उतारा वाचताव का?"

मी मॅट्रिकला उतारा न वाचताच उत्तरं लिहून आलेली शहाणी. गाईड पाठ असताना उतारा कशाला वाचायचा, असा तोरा होता. इंग्रजीत नापास झाले तेव्हा उतरला. तरी चष्मा पुसला आणि वाचलं. पडद्यावर ती पोरगी श्वास रोखून ऐकत होती.

"बस किती वाजता सुटते?" सरांनी इंग्रजीत विचारलं.

ती हळूच म्हणाली, सव्वानऊ.

सरांच्या कागदावर उत्तर होतं पावणेनऊ. माझा चेहरा पडला.

सर मात्र खुशीत हसले. "तुम्ही सव्वानऊच वाचलाव, आजी. तिनं तुम्हाला ऐकलं. तिचं बरोबर हाय."

तिला पूर्ण मार्क देऊन त्यांनी दुसरा उतारा माझ्यापुढं सरकवला. पोरीनं आपणहून खुर्ची पुढं ओढली.