जयवंतीचं भोपळ्याचं बी

उमेळे गावच्या जयवंतीचे गुडघे दोन हजार तीनच्या माघात पार कामातनं गेले. तरी फटफटलं की ती वाडीत जायची आणि भोपळ्याच्या वेलावर वाकायची. काम मधमाश्यांचं, पण चहूकडं बिल्डिंगा उठल्या नि माश्या सरल्या, म्हणून तिच्या गळ्यात पडलेलं.

भोपळ्याचं फूल मोठं आडमुठं. एकाच वेलावर नर वेगळा, मादी वेगळी. नराचा देठ लांब नि बारीक, पोटात एकच दांडा, त्यावर परागाचं पिवळं पीठ. मादीच्या बुडाशी सुपारीएवढा भोपळा आधीच बसलेला. नराचं पीठ चिकट नि जड, वाऱ्यानं उडत नाही. कुणीतरी ते नेऊन मादीला लावावं, तेव्हाच भोपळा धरतो. नाही लावलं तर चार दिवसांत पिवळा पडून गळतो.

मागं एक साल जयवंती कंटाळली आणि काम उरल्यासुरल्या माश्यांवर सोडलं. त्या शेजारच्या ऑगस्टीनच्या विकतच्या बियाण्याच्या वेलावरनं पीठ घेऊन आल्या. त्या साली भोपळे जसेच्या तसे दिसले. पण त्यांचं बी पुढच्या साली लावलं तर गोल, पानचट फळं. सासूच्या हातचं चपट्या, गोड भोपळ्याचं बी बिघडलं. डब्याच्या तळाला जुन्या पाच बिया निघाल्या. त्यातला एकच वेल जगला, त्याच्याही दोन माद्या कुजल्या. आता पानांवर रोग चढत होता आणि तिसरी मादी उद्या उमलायची होती. ही गेली की बी गेलं.

बुधवारी संध्याकाळी तिनं त्या कळीचं तोंड केळीच्या सोपटानं, वाळल्या सालीच्या पट्टीनं बांधलं, परकं पीठ शिरू नये म्हणून. त्याच वेलावरचे उद्या उमलणारे तीन नर मात्र तसेच ठेवले. नराला कोण बांधतं?

गुरुवारी गुडघ्यांनी लवकर उठूच दिलं नाही. सात वाजता वाडीत पोचली तर वेलावर नरांचे नुसते देठ. ती तशीच परतली. स्वयंपाकघरात सून विनिता बेसन कालवत होती. डोंबिवलीच्या फ्लॅटात वाढलेली पोर.

"फुलं कोनी तोडली गो?"

"मी, आई. भजी करते. खाली भोपळा नसलेलीच तोडली, ती वांझच ना? भोपळा असलेल्याला हातपण नाही लावला."

"वांझ कसली? तो नवरा हाय, नवरा! नवऱ्याची भजी करतीस?"

चाळणीत दोन फुलं होती, धुऊन पाणी निथळत ठेवलेली. दांड्यावरचं पीठ पाण्याबरोबर गेलेलं. कुंपणापलीकडून ऑगस्टीननं सगळं ऐकलं.

"वैनी, माज्याकडं पन्नास नर हायत. हवे तेवढे ने."

"तुज्या नरांनीच घात केला माजा. गप ऱ्हा."

जयवंती भिंतीला टेकली. आठ वाजत आले होते. ऊन चढलं की फूल मिटतं.

"तीन होती ना गो? तिसरं कुठं?"

विनितानं देव्हाऱ्याकडं बोट केलं. गुरुवार म्हणून तिनं दत्ताच्या फोटोला पिवळं फूल वाहिलं होतं. तसंच, न धुता.

जयवंतीनं ते उचललं.

"आई, देवाचं आहे!"

"देवाला उद्या जास्वंद घाल. चल, मला धर."

वेलापाशी बसून तिनं नराच्या पाकळ्या सोलल्या, मादीचं सोपट सोडलं आणि दांडा मादीच्या पोटातल्या तीन चिकट ओठांवर फिरवला.

"बग नीट. सगळ्या ओठांना लागलं पायजे, नायतर भोपळा वाकडा धरतो." मग तोंड परत बांधलं. "आता उठव मला."

विनितानं दोन्ही बगलांत हात घालून तिला उभं केलं.

पुढचे चार दिवस जयवंती वाडीत गेली नाही. गळालेला बघायला कशाला मरत जायचं, म्हणाली. पाचव्या सकाळी विनिता धावत आली. "आई, मुठीएवढा झालाय! हिरवागार!"

जयवंती ओट्यावर पाय पसरून बसली होती.

"मग त्याच्याखाली पेंढा घाल," ती म्हणाली. "बुड कुजंल नायतर." आणि तिथंच निवांत आडवी झाली.