दुसरी चप्पल पिंपळाखाली

सक्करदऱ्यात एका किराणा दुकानाच्या ओट्याशी तो चपला शिवायचा. नाव मी कधी विचारलं नाही. दुकानदारानं त्याला जागा सोडायला लावली. शेवटच्या दिवशी मी माझा एकुलता एक जोड घ्यायला अनवाणीच गेलो, तर त्यानं आरी फेट्यात खोचून एकच चप्पल पुढे केली.

"दुसरी तळ्यापलीकडं, पिंपळाखाली. बायको बसली हाये तिथं."

"काहून गा?"

"नवा पत्ता डोक्यात नाही राहत, मास्तर. पायाले एकदा दाखवला का पाय विसरत नाही."

तापल्या डांबरावर एका पायानं उड्या मारत, त्याला शिव्या देत मी पिंपळ गाठला. तिथं एकेक चप्पल घातलेले चौघं आधीच रांगेत होते. सगळ्यांत पुढे, भाजलेला पाय हवेत धरून, तोच दुकानदार उभा होता.