फैयाज काय शोधेल?

मोहियोद्दीन पिंजारी क्लासमधून गेले की मला माउस उघडून साफ करावा लागे. देवळाली प्रवरात बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं गाद्यांचं दुकान होतं आणि माझा कॉम्प्युटर क्लास बरोबर त्याच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर. दिवसभर कापूस पिंजून ते वर यायचे तेव्हा भुवया, मिशा, सदऱ्याच्या बाह्या, सगळं पांढरं असायचं. तो कापूस माउसच्या गोळीत जाऊन बसे आणि पडद्यावरचा बाण जागचा हलत नसे. मी भडकायचे. ते शांतपणे म्हणायचे, "म्याडम, कापूसच हाय. माती न्हाई."

ही नव्व्याण्णव सालची गोष्ट. पुण्याला एसटीडी लावून इंटरनेट जोडावं लागे, ते खरखरत, शिट्ट्या मारत जोडलं जाई आणि नेमकी तेव्हाच लाईट जाई. माझ्याकडे पोरं टायपिंग आणि अकाउंट शिकायला येत. इंटरनेट शिकायला आलेले पहिले गृहस्थ म्हणजे हे, वय पन्नासच्या पुढे, इंग्रजी अक्षरं जेमतेम ओळखणारे.

"माज्या दुकानाचं त्यात पान टाकायचं," ते म्हणाले.

"भाई, अमेरिकेतला माणूस देवळालीतून गादी नेणार आहे का? उगीच कशाला डोक्याला ताप?"

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. धाकटा भाऊ फैयाज सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. त्याला पिंजणयंत्रापाशी बसायचं नव्हतं, रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करायची होती. भर बाजारात, गिऱ्हाइकांसमोर, मोहियोद्दीनभाईंनी त्याच्या कानाखाली वाजवली. फैयाज त्याच आठवड्यात मुंबईला आणि तिथून दुबईला गेला. आईला दोन-चार पत्रं आली, नंतर तीही थांबली. नंतर राहुरीच्या एका माणसाने सांगितलं की तो कॅनडात कॉम्प्युटरचं काम करतो. पत्ता कुणालाच माहीत नाही.

"आन् त्यो गेल्यावर तीन वर्सांनी अम्मी गेली," भाई म्हणाले. "दुबईला धाडलेलं पत्र परत आलं. त्याला अजून म्हाईत न्हाई."

मी लगेच म्हटलं, मग तसंच लिहू पानावर, आई वारल्या, घरी ये.

"न्हाई!" एवढ्या जोरात ते कधी बोलत नसत. "आई गेल्याचं कुनाला असं कळवत्यात का? त्यो परमुलखात एकटा. ते मी माज्या तोंडानं सांगनार, त्याच्या शेजारी बसून. पान फक्त त्यानं मला हुडकावं म्हनून."

अशा रीतीने आमचं काम ठरलं. ते काम नक्की कसं करायचं हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं. फुकटात जागा देणाऱ्या एका साईटवर मी त्यांचं पान केलं. गादीचा एक फोटो, दुकानाचा फोन नंबर, माझा ईमेलचा पत्ता, खाली आल्या-गेल्यांचा आकडा मोजणारी पट्टी. आठवडाभराने आकडा थोडा वाढलेला बघून भाई हरखले. ते सगळे आम्हीच होतो, हे सांगायचं माझ्या जिवावर आलं, पण सांगितलं.

मग मी इंटरनेटवरूनच सर्च इंजिनबद्दलची इंग्रजी माहिती शोधून छापून काढली आणि डिक्शनरी घेऊन वाचायला बसले. त्यात होतं की पानाच्या पोटात न दिसणारे शब्द लिहून ठेवायचे, त्यांना कीवर्ड म्हणतात. शोधणारा माणूस जो शब्द टाकेल तोच आपल्या पानात असला पाहिजे. मग पान सर्च इंजिनला कळवायचं आणि वाट पाहायची. किती दिवस, ते कुणी सांगत नव्हतं. एका ठिकाणी लिहिलं होतं, शब्द पुन्हा पुन्हा लिहा. दुसऱ्या ठिकाणी लिहिलं होतं, पुन्हा पुन्हा लिहाल तर हाकलून देतील. मी कपाळावर हात मारला.

भाईंना मी समजावलं, "तुम्हाला काय सांगायचंय ते नाही लिहायचं. तो काय शोधेल ते लिहायचं."

"म्हंजी माज्या मनातलं न्हाई, त्याच्या मनातलं?"

"हो."

"ते मला कसं कळावं?"

याचं उत्तर त्या कागदांत नव्हतं.

पहिल्यांदा आम्ही धंद्याचे शब्द टाकले. गादी, रजई, लोड, तक्क्या, कापूस, सगळं इंग्रजीतून. दीड महिन्याने ईमेलवर एक पत्र आलं ते कुठल्यातरी परदेशी व्यापाऱ्याचं. त्याला कंटेनरभर गाद्या हव्या होत्या. मी आनंदाने ओरडलेच. भाईंनी विचारलं, "ह्यो फैयाजला वळखतो का?" मी नाही म्हटल्यावर ते जिना उतरून गेलेसुद्धा.

मग मी फैयाजचंच नाव टाकायचं सुचवलं. भाई म्हणाले, "हरवलेला मानूस स्वतःलाच हुडकतो व्हय?" तरी मी टाकलं. शोधून पाहिलं तर जगात इतके फैयाज निघाले की आमचा कुठल्या कुठे बुडून गेला.

"मग त्याला काय आवडतं ते सांगा. ते टाकू."

या प्रश्नावर मात्र भाई खुलले. प्रवरेच्या डोहात पोहायचा. फॅक्टरीला चाललेल्या ट्रॉलीमागं पळून ऊस उपसायचा. पतंगाचा तर येडा. अम्मीच्या हातची बाजरीची खिचडी लई आवडायची. मी लिहीत होते आणि लिहिता लिहिता माझं डोकं तापत होतं.

"भाई, हे सगळं पोरपणीचं आहे. आता तो तीस वर्षांचा असेल. आता त्याला काय आवडतं?"

त्यांनी कीबोर्डवरचा कापूस बोटाने झटकला. "आता त्याला काय आवडतं ते मला म्हाईत न्हाई, म्याडम," ते म्हणाले. "तवाबी न्हवतं. म्हाईत असतं तर हात उचलला नसता."

एरवी त्यांचा मला राग येत असे, पण त्या दिवशी त्यांच्यासाठी फार जीव तुटला. मी म्हटलं, "आईचं नाव टाकू या का? मुलगा आईला विसरत नाही."

"तिचं नाव न्हाई. नाव टाकलं की त्याच्याम्होरं ती हयात हाय का न्हाई ते आलंच. ते मी सांगनार."

माझ्या मते हा शुद्ध हट्ट होता. पण भाऊ त्यांचा, आई त्यांची. मी पोहणं, पतंग आणि बाजरीची खिचडी इंग्रजीत लिहून पानाच्या पोटात घातली आणि पान पुन्हा सर्च इंजिनला कळवलं. पतंगाचा शौकीन असलेल्या एका जपान्याने छान छान लिहून पाठवलं. बाकी कुणीच नाही. रोज जिन्यावर पावलं वाजत, दारातून पांढऱ्या भुवया आत डोकावत, "काय आलं का?" मी मान हलवायची, ती पावलं खाली जायची.

दिवाळीनंतर त्यांच्या मुलीचं, शबनमचं, लग्न ठरलं. पत्रिका माझ्याकडेच टाईप झाली. पत्रिका म्हणजे नावांचा बाजार. एकाचं नाव राहिलं तर तो मांडवात येऊन रुसतो, म्हणून मामा, फुफा म्हणजे आत्याचे यजमान, खालू म्हणजे मावशीचे यजमान, दुकानातले कारागीर, सगळे आले. बोलावणाऱ्यांत भाईंनी आपल्याखाली फैयाजचं नाव घालायला लावलं. माझ्या मनात आलं, नसलेल्या माणसाच्या नावाने कसलं बोलावणं? पण मी नाव टाईप केलं.

पत्रिका छापून आल्यावर ते म्हणाले, "हीच त्या पानावर टाका. पुतनीचं लगीन हाय. त्याच्या नावानं दावत हाय. कवा तरी दिसंल."

"भाई, यात एक तरी शब्द कुणी शोधेल असा आहे का? ही नुसती नावं आहेत."

"असू द्या. शबनमच्या लग्नात त्याचं नाव कुटं तरी दिसू द्या."

चिडतच मी अख्खी पत्रिका इंग्रजी अक्षरांत उतरवून काढली. ते शेजारी बसून छापील ओळीवर बोट ठेवत होते आणि मी बडवत होते. वधूचं नाव. मग नेहमीप्रमाणे, मरहूम अमुक व मरहूमा तमुक यांची नात. आपण गेलेल्या माणसाच्या नावाआधी कै. लिहितो, तसं त्यांच्याकडे मरहूम, बाईमाणसाला मरहूमा. हात चालत होता, नजर पुढच्या ओळीवर होती. भाई म्हणाले, "फुफाचं नाव वर घ्या, त्यो लई चिडका हाय," आणि आम्ही त्या फुफावर भांडत बसलो.

लग्नाला थोडे दिवस उरले असताना दुपारी मी ईमेलची पेटी उघडली. कॅनडातून एक पत्र होतं. इंग्रजीत दोनच ओळी आणि खाली फोन नंबर.

'पत्रिकेत मुबारकबी या नावाआधी मरहूमा का लिहिलं आहे? टाईप करताना चूक झाली असेल तर कृपया कळवा.'

खाली फैयाज पिंजारी. मुबारकबी म्हणजे भाईंच्या अम्मी.

मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. भाई दाभणाने गादीला टाके घालत होते. मी मराठीत वाचून दाखवलं. त्यांना दोनदा ऐकावं लागलं. फैयाजचं नाव ऐकून चेहरा फुलला आणि मग पहिली ओळ त्यांच्या डोक्यात उतरली. दाभण गादीतच राहिलं.

"मी सांगनार हुतो," ते म्हणाले. "म्याडम, ते मी सांगनार हुतो."

शेजारच्या बूथवरून मी नंबर लावून दिला. काचेबाहेर उभी राहून मी बघत होते. त्यांनी एकदा "फैयाज" म्हटलं. पलीकडून रडण्याचा आवाज दाराच्या फटीतून येत होता. भाईंनी दुसऱ्या हाताने बूथची भिंत धरली होती. मग ते त्यांच्या घरच्या हिंदीत हळूहळू बोलू लागले, आजारपणाचं, दवाखान्याचं, शेवटी कोण कोण होतं त्याचं. तीन वर्षं राहिलेला निरोप त्या कोंदट खोक्यात उभ्याने देऊन झाला.

शेवटी त्यांनी तोच प्रश्न विचारला, ज्याने आम्हा दोघांचं सहा महिने डोकं खाल्लं होतं. "कौनसा लफ्ज डाल्या था रे तू?"

बाहेर आल्यावर त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. बाहीवरचा कापूस गालाला चिकटला.

"अम्मीचं नाव टाकायचा म्हनं. रोज, काम सुटल्यावर," ते म्हणाले. "कायबी यायचं न्हाई. न्हाई आलं की त्याला वाटायचं, अम्मी घरी हाय, बरी हाय. मग त्यो झोपायचा."

मी वर गेले आणि पानावरचा 'मरहूमा' हा शब्द काढायला बसले. मग लक्षात आलं, आता तो काढून काहीच उपयोग नव्हता.