देवळ्याचा उसना सोफा

वीस वर्षं मी नाटकांत कामं केली आणि तेवढीच वर्षं निर्मात्यांना छळलं. चहात आलं जास्त पडलं तरी माझा आवाज बसायचा. पुढे चाळिशी उलटली, नाटकांत आणि टीव्हीवरही फक्त सासूच्या भूमिका यायला लागल्या, तेव्हा रागाच्या भरात मी स्वतःच निर्माती झाले. नवरा म्हणाला, "छान. पण आता तू रुसलीस तर समजूत काढायला कोण येणार?"

कोणी येत नाही, हे पहिल्याच दौऱ्यात कळलं. देवळ्याला एका मंगल कार्यालयात संध्याकाळी सहाचा प्रयोग होता. आम्ही नाशिकहून दुपारीच पोचलो; सामानाचा टेम्पो मात्र चांदवडजवळ बंद पडला. टेबल-खुर्च्या कार्यालयातच मिळाल्या. अडलं ते सोफ्यावर. आमचं नाटक म्हणजे एक नवरा, एक बायको आणि एक सोफा. शेवटी मीच शेजारच्या गल्लीत दारं ठोठावायला निघाले.

तिसऱ्या घरात सोफा होता, अजून प्लास्टिकच्या कव्हरात. घरच्या काकूंनी मला नीट न्याहाळलं.

"टीव्हीवर ती खाष्ट सासू तुम्हीच ना?"

मी नाइलाजाने हो म्हटलं. काकू एकदम खूश.

"न्या मग. पण मी पहिल्या रांगेत बसणार. लक्ष ठेवायला."

दुसऱ्या अंकात नोकरी गेलेला नायक घरी येतो, सोफ्यावर धाडकन अंग टाकतो आणि बायकोवर ओरडतो. त्याने अंग टाकायला आणि पहिल्या रांगेतून काकूंचा अहिराणीतला आवाज यायला एकच गाठ पडली.

"ए भाऊ, हळू बस! नवा शे तो!"

सगळं सभागृह हसलं. विंगेत मी पडदा घट्ट धरून उभी. माझ्या नटीपणाच्या काळात मी तिथेच प्रयोग थांबवून निघून गेले असते.

नायक उठला. सोफ्याकडे बघितलं. मग अगदी कडेवर, परक्या घरी बसावं तसा बसला आणि ओरडायचं वाक्य जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला, "माझी नोकरी गेली गं." हसू विरलं. उलट ओरडायचं सोडून बायको त्याच्या शेजारी येऊन बसली. तालमीत दीड महिना हा प्रसंग नुसत्या आरडाओरड्यात अडकला होता.

प्रयोग संपल्यावर नायक माझ्याकडे आला. "ताई, सॉरी, मला दुसरं काही सुचलं नाही."

"आता दुसरं काही सुचूच देऊ नकोस," मी म्हटलं.

काकूंनी सोफा पदराने पुसला, दाबून बघितला आणि मला बाजूला घेतलं. "त्याला पुढे नोकरी लागली का हो?"

"नाटकात तेवढं नाहीये."

"मग घाला की. मालकीण तुम्हीच ना?"

अजून घातलेलं नाही. पण तो प्रसंग आता आम्ही सगळीकडे देवळ्यासारखाच करतो.