शिवणीत गेलेलं चित्र

आमच्या बाजारात कपडे शिवणारे बरेच आहेत, पण मास्तर म्हटलं की लोक एकाच दाराकडे बोट दाखवतात. खाली मशीन, वर संसार आणि मधल्या जिन्याखाली मास्तरांचं अंतराळ. चित्रमय विज्ञानकथांचे जाड जाड संग्रह, कधीच छापायचे बंद झालेले. रद्दीच्या ढिगांत तासन्‌तास उकिडवं बसून त्यांनी ते मिळवले आणि प्रत्येकाला शर्टाच्या उरल्यासुरल्या कापडाचं कव्हर शिवलं.

"अहो, एकच पुस्तक तीनदा?" बायको म्हणायची. "तिळं झालंय की काय?"

"पहिल्या दोघांना शेवटचं पान नाही," मास्तर सुईत दोरा ओवत म्हणायचे.

लहानपणी घरी होती त्या प्रतीलाही ते नव्हतं. त्यांच्या ताईनं हाच संग्रह मांडीवर घेऊन त्यांना अक्षरं ओळखायला शिकवली होती. शेवटच्या गोष्टीत यान बिघडून एक प्रवासी चंद्रापलीकडे अडकतो आणि पृथ्वीला हाका मारत राहतो. पुढचं पान फाटलेलं. धाकट्यानं भोकाड पसरलं, तेव्हा ताईनं शेवट मनानंच रचला. पृथ्वीचं उत्तर येतं, यान दुरुस्त होतं, प्रवासी घरी पोचतो.

तिसरी प्रत अख्खी मिळाली खरी, पण शेवटच्या पानावरचं चित्र त्यातल्या शब्दांसकट बांधणीत गडप झालेलं. पुस्तक बांधणाऱ्यानं टाका फार आत घातला होता. ओढून उघडावं तर जुना कागद तडकणार. उसवावं तर अशी मूळ बांधणीची प्रत पुन्हा कुठे मिळायची? मास्तरांनी ती तशीच ठेवली.

मग ताईची नजर जाऊ लागली. डॉक्टरांनी हात टेकले. ती भावाकडे राहायला आली आणि एका दुपारी म्हणाली, "अरे, ते पान दाखव. दिसतंय तोवर बघू दे."

"ताई, उसवलं की प्रत गेली."

"लोकांच्या पँटी उसवताना बरा हात चालतो तुझा!"

मी तेव्हा सदरा न्यायला गेलो होतो, म्हणून हे ऐकीव नाही. मास्तर कितीतरी वेळ कव्हरावरून हात फिरवत बसले. मग बारीक सुईनं त्यांनी पहिला दोरा उचलला. मशीन बंद होती. दोरा तुटल्याचा आवाज होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पान सुटलं. ताईनं भिंग धरलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं, "पृथ्वी बोलतेय. कोण आहे?" खाली, समाप्त.

मास्तरांचा चेहरा उतरला. "एवढंच? म्हणजे तो घरी येत नाही?"

"वेड्या, उत्तर आलं ना! पुढचं तुला सांगितलंय की मी."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग पानाकडे. आणि दोरा ओवून पुस्तक पुन्हा शिवायला घेतलं, कडेकडेनं, चित्र उघडं राहील असं. जुन्या भोकांच्या बाजूला नवी भोकं पडत गेली. ती बघून कुणी संग्राहक आता ही प्रत हातात धरणार नाही.

मास्तरीणबाईंनी मात्र ती पहिल्यांदाच हातात घेतली. शेवटचं पान उघडून त्या ताईंच्या शेजारी टेकल्या.

"सांगा बघू वन्सं, कसा आला तो घरी?"

ताईनं भिंग खाली ठेवलं, डोळे मिटले आणि सांगायला लागली. मास्तरांनी मशीन सुरू केली नाही.