बाजूला पाहणारे मावसाजी

समोर न बघता रस्त्याने जाणारा आणि तरीही इतकी वर्षं धडधाकट राहिलेला माणूस उभ्या वऱ्हाडात एकच आहे, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. मावसाजी एसटीत ड्रायव्हर होते. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, कधी शेगाव, अशी आयुष्यभर गाडी हाकली. पण ज्या रस्त्यांवर हाकली त्यांच्या दोन्ही बाजूंना काय आहे, हे त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्यांना ठाऊक नव्हतं. "मांगं गाडीभर जीव बसेल राह्यते बे," ते मला सांगत, "म्या समोर पाहाव का बाजूले? पॅसेंजर खिडकीतून पाहून म्हनत, वा, काय बाग हाय! अन् मी इकडं ट्रकचं ढुंगन पाहून राह्यलो." ते निवृत्त झाले आणि त्याच सुमारास पलीकडून मोठा महामार्ग सुरू झाला. ट्रक, ट्रॅव्हल्स, मोटारी सगळं तिकडे पळालं आणि साखरखेर्ड्याकडचा आमचा जुना रस्ता ओस पडला. रस्त्याकडेच्या चहावाल्यांनी कपाळाला हात लावला. मावसाजींनी मात्र सायकल विकत घेतली. सरकारने एवढा डोंगरफोडीचा खटाटोप निव्वळ आपल्याला जुना रस्ता मोकळा मिळावा म्हणून केला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे आणि ती दूर करायची हिंमत अजून कोणाला झालेली नाही.

आमच्या भागाचं नाव काढलं की लोकांना कापूस आणि सोयाबीन आठवतं. पण जालन्याच्या अंगाला सरकत गेलं की शेततळी दिसू लागतात आणि शेततळ्यांच्या मागोमाग द्राक्षांचे मांडव. गावामागून गाव, मांडवामागून मांडव, आणि मधून हा निर्मनुष्य रस्ता. मावसाजींची स्वतःची एक वेल नाही. पण कोणाच्या बागेची छाटणी झाली, कुठे फुलोरा आला, कुठे मण्यांत पाणी भरू लागलं, याची त्यांना बागवाल्यांच्या बायकांइतकीच काळजी. सायकलवर बसले की मान डावीकडे वळायची, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. समोर बघायचं काम त्यांनी आयुष्यभर केलेलं होतं, त्यामुळे ते आता दुसऱ्या कोणीतरी करावं, असा त्यांचा हिशेब. परिणामी ते कधी बाभळीत जात, कधी कडब्याच्या गंजीत. एकदा तर छाटणी झालेल्या काड्यांच्या ढिगात सायकलसकट गडप झाले. बागवाला धावत आला, "मावसाजी, लागलं काय?" तर आतून आवाज आला, "लागलं नाही, पन तुह्या गड्याचा हात लय साफ हाय हो! एक काडी वाकडी कापली नाही."

नोकरीतल्या दोन सवयी मात्र सुटल्या नाहीत. एक म्हणजे थांबा. ज्या थांब्यांवर आता चिटपाखरू नसतं, तिथेही मावसाजी सायकल उभी करत, मागे वळून बघत, कोणी चढत नाही अशी खात्री करत आणि मगच निघत. दुसरी म्हणजे रहदारीचा तिटकारा. एखादी मोटरसायकल फटफटत शेजारून गेली की ते सायकल कडेला घेत, ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहत आणि म्हणत, "गर्दी लय वाढून राह्यली बे या रोडावर."

पहिल्यांदा त्यांनी मला सोबत ओढलं तेव्हा मी बुलढाण्याच्या कचेरीत खुर्ची उबवून उबवून पार निकामी झालो होतो. जानेवारी सरत आला होता. पहिल्या चढालाच मला धाप लागली आणि मी मनातल्या मनात मावशीच्या सबंध सासरचा उद्धार केला. मग एक वळण आलं आणि दोन्ही हातांना मांडव सुरू झाले. पानांतून ऊन झिरपून खाली पडत होतं, त्याने रस्तासुद्धा हिरवट झाला होता. घड असे लटकले होते की एका घडात किती मणी असतील याचा अंदाज करायचीही लाज वाटावी. कुठे इंजिन नाही, हॉर्न नाही. आमच्या साखळ्यांचा आवाज आणि आत कुठेतरी पाखरं हाकणाऱ्या बाईची आरोळी, एवढंच. मी या जिल्ह्यात जन्मलो, वाढलो, इथेच माझे केस पिकले, आणि हे मला ठाऊक नव्हतं. मावसाजी उतरले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात धरली. "पाह्य," ते म्हणाले. फक्त एवढंच. मी पाहिलं, आणि का कोण जाणे, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून माझे रविवार त्यांचे झाले.

मावशी मात्र या सगळ्याला बधली नाही. "काय ठिवलं त्या रोडावर?" हा तिचा रोजचा प्रश्न. मावसाजी परत आले की ओट्यावर बसून तासभर वर्णन करायचे आणि ती तांदूळ निवडत "हं, हं" करायची. चल म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर होतं, "मले कामं हाय."

मग दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की मावसाजी सरळ सायकल चालवू लागले आहेत. ना बाभूळ, ना गंजी. मी त्यांचं अभिनंदनही केलं. म्हटलं, "मावसाजी, सुधारलात!" थोडं पुढे गेलो. डाव्या हाताला बाग होती, घड अगदी रस्त्यापर्यंत आलेले, हात लांबवला तर लागतील असे. मावसाजी नाकासमोर बघत चालले होते. त्यांनी मला विचारलं, "बाग आली काय रे?"

मी त्यांना तपासायला नेलं. जालन्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतंय, बाजूचं गेलं, गेलेलं परत यायचं नाही, उरलेलं जपा, आणि सायकल बंद. मावसाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घ्या. पुन्यांदा डायवर केलं मले." आणि हसले. ते हसू मला बघवलं नाही.

त्यानंतर ते ओट्यावर बसून राहू लागले. सायकल आत भिंतीला टेकवलेली. बोलणं बंद, वर्णन बंद. तिकडे बागांमध्ये मण्यांत साखर भरत होती आणि इकडे हा माणूस समोरच्या घराच्या भिंतीकडे बघत बसलेला. नजर जाते की काय याची मला भीती नव्हतीच, जायची ती गेलेली होती. माणूस जातो की काय याची भीती होती. मावशीने काही दिवस हे सहन केलं आणि एका रविवारी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणाली, "बापू, मले सायकल शिकव."

मी शिकवली. शाळेमागच्या मैदानात, शेजारणीची सायकल मागून आणून, भल्या पहाटे. साठी उलटलेली माझी मावशी, शेतात खोचतात तशी साडी वर खोचून, दात आवळून हँडल धरायची आणि मी मागून कॅरियर धरून धावायचो. किती वेळा पडली याची गणती नाही. गुडघे फुटले, कोपर सोललं. मावसाजींनी विचारलं तर म्हणायची, मोरीत घसरले. इतक्या वेळा मोरीत घसरणारी बाई त्यांच्याही पाहण्यात नव्हती, पण ते गप्प राहिले.

मावशी तोल सांभाळू लागली तेव्हा आम्ही मांडवाचे लोखंडी अँगल जोडणाऱ्या वेल्डरकडे गेलो. दोन जुन्या सायकलींची एक करायची होती. त्याने मोठ्या मायेने जोडसायकल बनवली. मांडवाचे उरलेले अँगल वापरल्याने ती हलवायलाच दोन माणसं लागत. पण पुढे उंच सीट आणि हँडल, आणि मागे मऊ गादीचं कॅरियर, पाय ठेवायला दोन पट्ट्या. मावशी बघतच राहिली.

"पुढं कोन बसन याच्यात?"

"मावसाजीच की, काकू. डायवर हायत ना ते! तुमच्यासाठी मांगं मस्त गादी टाकली."

"अरे, त्याहिले दिसत असतं तं हे गाडं काऊन बनवलं असतं बे?"

बिचाऱ्याने जीभ चावली आणि सगळं पुन्हा कापून उलट जोडलं. पुढची सीट मावशीच्या उंचीला खाली आली, मागे मावसाजींसाठी पायडल आले. घंटी मात्र मावसाजींनी हट्टाने मागे बसवून घेतली. निघायचं असलं की दोनदा, थांबायचं असलं की एकदा, एसटीच्या रिवाजाप्रमाणे. पहिल्या दिवशी सारं गाव रस्त्यावर आलं होतं. आयुष्यभर कोणाच्या हातात स्टिअरिंग न दिलेला हा माणूस आपल्या बायकोच्या मागे बसला, दोनदा घंटी वाजवली आणि गाडं लटपटत निघालं. "ब्रेक! ब्रेक!" मावसाजी ओरडले. "म्या का आंधळी हाय?" मावशी म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. मागून मावसाजी खो खो हसू लागले. तेव्हा ती रडली की हसली, मी मागे असल्याने मला दिसलं नाही.

आता मावशी पुढे बघते आणि बाजूलाही बघते आणि मागच्याला सगळं सांगते. "डावीकडं, मनी काळे होऊन राह्यले. उजवीकडं जाळी टाकली. थांबा आला, कोनी नाही." मावसाजी "हं, हं" करतात. उरलेली नजरही आता जवळजवळ गेली आहे.

गेल्या फेब्रुवारीत मी त्यांच्या शेजारून माझी सायकल चालवत होतो. वळण संपलं आणि मी दचकलो. डाव्या हाताची सगळ्यात मोठी बाग नव्हती. वेली जुन्या झाल्या म्हणून मालकाने मुळासकट उपटून टाकल्या होत्या. उघडं काळं रान, कडेला रचून ठेवलेले अँगल, बस. मावशीचे पाय क्षणभर थांबले. मग तिने जोर लावला आणि म्हणाली, "आली बरं मोठी बाग. काय घड लागले अवो! हातभर लांब. पानं दिसत नाही, नुसते घड." तिचा आवाज जराही हलला नाही.

मांडवाच्या कडेने जाताना वारा लागत नाही, तो अडतो. त्या दिवशी उघड्या रानावरून वाऱ्याचा असा झोत आला की मावसाजींची टोपी उडता उडता राहिली. त्यांनी ती एका हाताने दाबून धरली. मान डावीकडे वळवली आणि बराच वेळ त्या रिकाम्या रानाकडे तोंड करून राहिले. मग माझी चाहूल होती त्या दिशेला वळून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"हाव," ते मावशीला म्हणाले, "यंदा लय लागले. सांग, अजून सांग."

मावशी सांगत राहिली, ते ऐकत राहिले. मी मागे पडलो आणि मुद्दामच मागे राहिलो.